सरे काउंटीतल्या बायकांचं मत आणि त्यात आपला हिंदुस्थान

इथे इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर ज्या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ती म्हणजे भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं. कॉमनवेल्थ देशाचे नागरिक असाल, कायदेशीर राहत असाल तर मतदार यादीत नाव घालायचं आणि झालं, फक्त कौन्सिलच्या निवडणुकीला नाही तर पार्लमेंटच्या सुद्धा. घरी फोनवर सांगितलं तर आधी कोणाचा विश्वासच बसेना. आणि मग साहजिकच डोक्यात आलं की आपल्याला हे इतकं सहज मिळालं, पण इथल्याच बायकांना हे कधी आणि कसं मिळालं, म्हणून सरेचा (आमची काउंटी, लंडनच्या खाली नैऋत्येला) इतिहास वाचायला लागले, आणि वाचता वाचता असं काही सापडलं की ते आपल्याकडच्या लोकांना सांगायलाच पाहिजे असं वाटलं. कारण इथल्या बायकांना मत का देऊ नये, याच्या कारणांमध्ये चक्क आपण होतो. म्हणजे हिंदुस्थान.

पण ते जरा पुढे सांगते, आधी इथलं चित्र.

आपल्याला सफ्राजेट (म्हणजे बायकांच्या मतासाठी लढणाऱ्या) म्हटलं की लंडन, त्यांच्या पुढारी पंकहर्स्ट मायलेकी, काचा फोडणं, तुरुंगातलं उपोषण एवढंच माहीत असतं. पण या चळवळीचा रोजचा खटाटोप चालायचा तो गिल्डफर्ड, गॉडलमिंग, डॉर्किंग, रायगेट, वोकिंग, हॅझलमियर असल्या छोट्या गावांत. कोणाच्या तरी दिवाणखान्यात चहा आणि भाषण, गावच्या हॉलमध्ये सभा, अर्जावर सह्या गोळा करणं, बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटणं. यातल्या बहुतेक जणी शांततावादी होत्या, मिलिसेंट फॉसेट यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, कायद्यात राहून मागणी करायची अशा मताच्या, त्यांना सफ्राजिस्ट म्हणत. त्यांचा रंग लाल, पांढरा, हिरवा. आणि पंकहर्स्टबाईंच्या लढाऊ सफ्राजेटांचा जांभळा, पांढरा, हिरवा.

गॉडलमिंगच्या शाखेच्या अध्यक्ष होत्या मेरी वॉट्स, चित्रकार वॉट्स यांच्या पत्नी आणि स्वतः मोठ्या कलाकार, शेजारच्या कॉम्प्टन गावात त्यांनी गावकऱ्यांना मातीकाम शिकवून एक अख्खं चॅपल सजवून घेतलंय. त्याच शाखेचा कापडी झेंडा केला गर्ट्रूड जेकिल यांनी, या म्हणजे इंग्लंडमधल्या बागांची रचना ज्यांनी बदलून टाकली त्या. गिल्डफर्डच्या सेक्रेटरी नोएलीन बेकर या मूळच्या न्यूझीलंडच्या, आणि न्यूझीलंडमध्ये बायकांना १८९३ पासूनच मत होतं! म्हणजे जन्मलेल्या देशात मत आहे आणि साम्राज्याच्या मुख्य देशात आलं की नाही, अशी त्यांची अवस्था. हे वाचून मला त्यांच्याबद्दल फार जवळीक वाटली, का ते वेगळं सांगायला नको, मी पण एका देशातून दुसऱ्या देशात आलेलीच आहे.

आता विरोधक. माझी समजूत होती की विरोध म्हणजे सगळे मिशीवाले पुरुष. पुरुष होतेच, पण मताधिकाराच्या विरोधातली पहिली मोठी राष्ट्रीय संघटना, १९०८ सालची, ती बायकांची होती, आणि त्यात शिकलेल्या, कर्तबगार, समाजात वजन असलेल्या बायका होत्या. सरेच्या दक्षिण टोकाला केपेल गावाजवळ राहणाऱ्या बर्था ब्रॉडवुड बघा. पियानो बनवणाऱ्या प्रसिद्ध ब्रॉडवुड घराण्यातल्या. खेड्यातल्या गरीब घरांत आजारपणात नर्स मिळावी म्हणून त्यांनी १८८० च्या दशकात एक योजना काढली, लोकांनी थोडी थोडी वर्गणी भरायची आणि गरज पडली की नर्स त्या घरी जाऊन राहणार, स्वयंपाकपाण्याला सुद्धा हातभार लावणार. ती योजना त्यांनी वर्षानुवर्षं चालवली, हिशेब, पत्रव्यवहार, नेमणुका सगळं. आणि याच बाई बायकांच्या मताच्या विरोधात हिरिरीने काम करत होत्या.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. पण त्यांचं म्हणणं काय होतं ते नीट वाचल्याशिवाय ही लढाई कळतच नाही. तर त्यांचं म्हणणं असं की नगरपालिका, शाळा, दवाखाने, गरिबांची व्यवस्था यात बायकांनी जरूर पडावं, मत द्यावं, निवडून सुद्धा यावं. आणि ते त्यांना मिळालेलं पण होतं, कर भरणाऱ्या एकट्या बायकांना १८६९ पासून नगरपालिकेला मत देता येत होतं, १९०७ च्या कायद्याने काउंटी कौन्सिलवर निवडून येता येत होतं. पण पार्लमेंट वेगळं. पार्लमेंट युद्ध ठरवतं, आरमार ठरवतं, आणि मुख्य म्हणजे साम्राज्य चालवतं. ते बायकांचं काम नाही.

आणि इथे आपण येतो.

१९१० च्या शेवटी बायकांची आणि पुरुषांची विरोधी संघटना एकत्र झाल्या आणि अध्यक्ष झाले लॉर्ड क्रोमर, म्हणजे इजिप्तवर पंचवीसेक वर्षं राज्य केलेले. त्यांच्यानंतर १९१२ मध्ये कोण, तर लॉर्ड कर्झन. हो, तोच, आपल्या शाळेच्या पुस्तकातला, वंगभंगवाला! बंगालची फाळणी करून, इथून तिथून सगळ्यांचा रोष घेऊन १९०५ मध्ये हिंदुस्थानातून परत गेला आणि पुढे काय केलं हे आपल्याला पुस्तकात कधी सांगितलंच नाही, तर हे केलं. बायकांना मत का नको याची त्याने पंधरा कारणं लिहून काढली होती आणि त्यातलं एक कारण सरळ सरळ हेच होतं की बायकांना मत दिलं तर हिंदुस्थानात त्याचा भलताच अर्थ काढला जाईल आणि तिथे आपण कमकुवत होऊ. म्हणजे तिकडे जे लोक ताब्यात ठेवायचेत त्यांनी असं बघता कामा नये की आपल्यावर राज्य करणारं सरकार बायका निवडून देतात.

मी हे वाचून कितीतरी वेळ त्याच पानावर अडकून बसले होते. तिकडे आपल्या माणसांना स्वराज्य नाही आणि आपल्याला स्वराज्य नाही म्हणून इकडे इथल्या बाईला मत नाही, एकाच माणसाने दोन्ही दारं धरून ठेवलेली. डॉर्किंगमधल्या एखाद्या शिक्षिकेला मत मिळू नये यासाठी पुण्या-कलकत्त्याच्या माणसांचं नाव वापरलं जात होतं आणि त्यांना कोणी विचारलं सुद्धा नव्हतं. मला वाटतं साम्राज्य म्हणजे काय हे समजायला एवढी एक गोष्ट पुरे.

१९१३ साल सरेसाठी फार तापलेलं होतं. १९ फेब्रुवारीला पहाटे वॉल्टन हीथ इथे तेव्हाचे अर्थमंत्री लॉईड जॉर्ज यांच्यासाठी बांधकाम चाललेल्या घरात बॉम्ब फुटला, कामगार यायच्या आधी, त्यामुळे कोणाला लागलं नाही. गंमत अशी की लॉईड जॉर्ज तोंडाने तरी मताधिकाराच्या बाजूचेच होते. एमेलीन पंकहर्स्ट यांनी जबाबदारी घेतली आणि त्यांना तीन वर्षं सक्तमजुरी झाली. त्या उपोषण करायच्या, तब्येत ढासळली की सरकार सोडायचं आणि जरा बरं वाटलं की परत धरायचं, त्यासाठी एक नवीन कायदाच केला होता, लोक त्याला मांजर-उंदीर कायदा म्हणायचे. सुटल्यावर त्या वोकिंगला येऊन राहिल्या, एथेल स्मिथ यांच्या घरी. एथेल स्मिथ मोठ्या संगीतकार, चळवळीचं कूचगीत त्यांनीच बांधलं, स्वतः काचा फोडून १९१२ मध्ये तुरुंगात जाऊन आल्या. त्यांनीच त्याआधी पंकहर्स्टबाईंना वोकिंगच्या माळावर दगड कसा मारायचा हे शिकवलं होतं, आणि पहिला दगड म्हणे मागेच गेला आणि एथेलबाईंच्या कुत्र्याला लागता लागता राहिला. त्याच घरातून मे महिन्यात पोलिसांनी पंकहर्स्टबाईंना परत धरून नेलं.

मग ४ जून, एप्सम, डर्बीची शर्यत. एमिली डेव्हिसन ही सफ्राजेट धावत्या राजाच्या घोड्यासमोर आली, त्याची धडक बसली आणि चार दिवसांनी ती तिथल्याच छोट्या हॉस्पिटलमध्ये वारली. तिच्या मनात नेमकं काय होतं यावर अजून वाद चालू आहे. ती गेली त्याच रात्री हर्स्ट पार्कच्या रेसकोर्सचा स्टँड जाळला गेला, त्यासाठी किटी मॅरियन आणि क्लारा गिव्हीन या दोघींना गिल्डफर्डच्या कोर्टात तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. मला बॉम्ब आणि जाळपोळ पटत नाही, आजही नाही, कारण माणसं वाचली ती नशिबाने. पण तुरुंगात उपोषण करणाऱ्या बायकांना नाकात नळी घालून जबरदस्तीने अन्न घालणारं सरकार बघितलं की कुठे बोट ठेवायचं ते कळत नाही.

आणि आता ज्यांच्यासाठी मला खरं तर हे सगळं लिहायचं होतं त्या बायका. त्याच जून-जुलैमध्ये शांततावादी संघटनेने देशभरातून लंडनला पायी यात्रा काढली, वेगवेगळ्या रस्त्यांनी, गावोगावी मुक्काम, सभा, वाटेत लोक सामील होतायत, आपल्याला वारीच आठवावी असं. टोपीला शिंपल्याचा बिल्ला. पोर्ट्समथकडून आणि ब्रायटनकडून येणाऱ्या यात्रा सरेतूनच जाणार होत्या. आता विचार करा, महिन्यापूर्वी डर्बी, नंतर जाळपोळ, त्याआधी बॉम्ब, सगळं याच काउंटीत, लोक चिडलेले, आणि अशात या बायका चालत आल्या. आम्ही कायदा पाळणाऱ्या आहोत असं फलकांवर लिहिलेलं, पण गर्दीला फरक कुठे कळतो. गिल्डफर्डच्या सभेत एवढा आरडाओरडा झाला की बोलणाऱ्यांचा आवाज ऐकू जाईना. ज्यांनी एक दगड उचलला नव्हता त्यांनी दुसऱ्यांच्या दगडांचा राग झेलला आणि तरी दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघाल्या. २६ जुलैला हाइड पार्कमध्ये ५०,००० लोक जमले. यांचा पुतळा कुठे चटकन दिसत नाही. एथेल स्मिथचा वोकिंगला आहे, एमिली डेव्हिसनचा एप्समला आहे, आणि ते असायलाच हवेत, पण या चालणाऱ्या बायकांनी सुद्धा ही लढाई जिंकली असं माझं ठाम मत आहे.

अजून एक घर सांगते. डॉर्किंगजवळ होमवुड गावात एमेलीन आणि फ्रेडरिक पेथिक-लॉरेन्स या जोडप्याचं घर होतं, ‘द मॅस्कॉट’, घराचा आर्किटेक्ट ल्यूटेन्स, नवी दिल्लीवाला. जांभळा-पांढरा-हिरवा हे रंग निवडले ते या एमेलीनबाईंनी. १९१२ मध्ये कटाच्या खटल्यात दोघांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली, नवऱ्याला सुद्धा तुरुंगात जबरदस्तीने अन्न घातलं गेलं, आणि खटल्याचा खर्च द्यायला नकार दिला म्हणून याच घरातल्या सामानाचा लिलाव झाला. बायकांच्या मतासाठी तुरुंगात गेलेला हा माणूस पुढे १९४५ मध्ये भारतमंत्री झाला, आणि १९४६ ला स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी जे कॅबिनेट मिशन आपल्याकडे आलं त्यात क्रिप्स आणि अलेक्झांडर यांच्याबरोबरचे तिसरे लॉर्ड पेथिक-लॉरेन्स ते हेच! कर्झनने जी दोन दारं धरून ठेवली होती ती दोन्ही ढकलणाऱ्यांत हा एक माणूस होता.

कर्झनचं पुढे काय झालं तर १९१८ च्या जानेवारीत लॉर्ड्सच्या सभागृहात बायकांना मत देणारं विधेयक आलं तेव्हा सभागृहाचा नेता तोच होता. मताधिकाराविरुद्ध बोलला, पण कॉमन्सशी, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाशी, भांडण नको म्हणून स्वतः मतदान मात्र केलं नाही, आणि विधेयक पास झालं. तेव्हा पण तीस वर्षांच्या वरच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांनाच मत, पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं.

आणि हिंदुस्थानात भलताच अर्थ काढला जाईल ही जी भीती होती त्याबद्दल. पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांची मुलगी राजकन्या सोफिया हॅम्प्टन कोर्टला राहायची, म्हणजे नदीवरचा पूल ओलांडला की सरे. मत नाही तर कर नाही म्हणत तिने कर भरला नाही, मग झालेला दंड भरायला सुद्धा नकार दिला, तिची सात हिऱ्यांची अंगठी जप्त होऊन लिलावात गेली, चळवळीतल्या मैत्रिणीने विकत घेऊन परत दिली. १९११ मध्ये काश्मीरमध्ये तिच्या अंगावरचा मताधिकाराचा बिल्ला मुंबईच्या हेराबाई टाटांनी बघितला आणि विचारलं हे काय आहे. १९१९ मध्ये हेराबाई आपल्या मुलीला, मिठनला, घेऊन लंडनला आल्या आणि हिंदी बायकांना मत द्या म्हणून पार्लमेंटच्या समितीसमोर साक्ष दिली. निर्णय प्रांतांवर सोडला गेला आणि १९२१ मध्ये मुंबई इलाख्याच्या कौन्सिलने बायकांना मत दिलं, त्यासाठी आपल्याकडे रमाबाई रानडे पण झटल्या होत्या. तिकडे सरेत तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुलींना अजून मत नव्हतं.

कोणी इकडे येणार असाल तर वोकिंगला सरे हिस्टरी सेंटर आहे, तिथे या चळवळीचे दोन्ही बाजूंचे कागद बघता येतात, ब्रॉडवुडबाईंचे सुद्धा. गॉडलमिंगच्या म्युझियममध्ये जेकिलबाईंचा झेंडा आहे, पण तो बाहेर मांडलेला आहे का ते जायच्या आधी विचारून घ्या, कापड जुनं आहे.