गलविंग आणि ई-टाइप
जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात आज पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांची मर्सिडीज ३०० एसएल गलविंग आणि जॅग्वार ई-टाइप शेजारीशेजारी पाहायला मिळाल्या आणि दोन तास कसे गेले ते कळलेच नाही. कागदावर १९६१ची ई-टाइपच सरस ठरते: ३.८ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, कंपनीने सांगितलेली २६५ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. १९५४च्या गलविंगचे इंजिन तीन लिटरचे, शक्ती सुमारे २१५ आणि ब्रेक ड्रमचे.

तरीही मी रेंगाळलो तो गलविंगपाशीच. नळ्यांच्या सांगाड्यामुळे दाराचा उंबरठा इतका उंच झाला आहे की आत शिरता यावे म्हणून स्टिअरिंग चक्क खाली दुमडावे लागते, आणि बॉनेट बुटके राहावे म्हणून इंजिन एका कुशीवर निजवले आहे. पेट्रोल थेट सिलिंडरात सोडणारा तिचा यांत्रिक पंप, किल्ली बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत पेट्रोल सोडतच राहतो आणि ते इंजिनच्या तेलात उतरते; असला खोडकरपणा ई-टाइपच्या, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या, तीन कार्ब्युरेटरांत नाही. गलविंगचा मागचा स्विंग अॅक्सल (चाक वरखाली होताना त्याचा कलही बदलणारी जोडणी) वळणावर दगा देणारा म्हणून कुप्रसिद्ध आहे, त्यामुळे रोज चालवायला मी ई-टाइपच घेईन; अर्थात, मला विचारतो कोण!