आमची वाटचाल: संरक्षण गेलं, उधारी राहिली

लेथ-मिलिंगची कामं करणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपची वाटचाल सरकारी धोरणांच्या तारखांनीच सांगावी लागते. ऑगस्ट १९९१मध्ये लघुउद्योगांचं नवं धोरण आलं, तेव्हा यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीची मर्यादा ६० लाख रुपये होती. फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या राखीव वस्तूंची यादी १९६७मध्ये ४७ वस्तूंनी सुरू झाली, आठशेच्या वर गेली, मग आकसत गेली आणि एप्रिल २०१५मध्ये उरलेल्या २० वस्तू वगळल्यावर संपली. दरम्यान १ एप्रिल २००१ला शेवटच्या ७१५ वस्तूंवरचे आयातीचे संख्यात्मक निर्बंधही उठले होते.

टीकाकार म्हणतात, या सुधारणांनी छोट्यांना उघड्यावर टाकलं. आम्हाला हे अर्धंच पटतं. वस्तूंचं आरक्षण होतं तेव्हा गुंतवणुकीची मर्यादा ओलांडायला नको म्हणून दुसरं मशीन घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर घेतलं जायचं. त्यात मोठं होणं राहूनच जायचं. आमची तक्रार वेगळी आहे. बाजार खुला झाला, पण पैसे कधी द्यायचे हे ठरवणं खरेदीदाराच्याच हातात राहिलं.

जुलै २०१७पासूनच्या जीएसटीचा हिशेब घ्या. १,००,००० रुपयांच्या सुट्या भागांवर १८ टक्के दराने कर होतो १८,०००. त्यातलं पोलाद ६०,०००चं असेल तर १०,८००चं इनपुट क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट) मिळतं आणि ७,२०० रोख भरावे लागतात. मजुरीवर क्रेडिट नाही, म्हणून ज्याचं काम हातावर जास्त त्याच्या खिशाला झळ जास्त. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याची मुदत पुढच्या महिन्याची २० तारीख. खरेदीदार ९० दिवसांनी पैसे देतो. तोवर हे ७,२०० आपल्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाच्या) खात्यातून गेलेले, त्यावर व्याज चालू.

२००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. कागदावर उत्तम, पण दावे फसतात ते माल पोचवल्याच्या चलनावर (डिलिव्हरी चलन). गेटवर तारीख आणि सही नसलेलं चलन असेल तर माल कधी पोचला, इथूनच वाद सुरू होतो. पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याची तारीखच मालस्वीकृतीची धरली जाते. म्हणून ती सही घेतल्याशिवाय टेम्पो परत फिरवू नये. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) पुरवठ्याआधीच हवी आणि तिचा क्रमांक बिलावर छापलेला हवा.

आयकराच्या ४३बी(एच) कलमाने आर्थिक वर्ष २०२३-२४पासून सूक्ष्म व लघु उद्योगांची रक्कम मुदतीत न देणाऱ्याला त्या रकमेची खर्च म्हणून वजावट त्या वर्षी मिळेनाशी केली. पण ज्याला हे झेपत नाही तो खरेदीदार लघुउद्योगाऐवजी मध्यम उद्योगाकडे वळतो, कारण मध्यमांना हे कलम लागूच नाही. (तक्रार करून ऑर्डर गमावण्यापेक्षा गप्प बसणं परवडतं, हे कुठल्याच अहवालात मावत नाही.)

याची किंमत शेवटी कामगार मोजतो. भविष्यनिर्वाह निधी २० माणसांपासून सक्तीचा. म्हणून पटावर १९ ठेवून पुढची माणसं ठेकेदाराकडून घेतली जातात. काम तेच, मशीन तेच, पण निधीत खातं नाही. ठेकेदाराचं बिल रखडलं की त्या माणसांची मजुरीही रखडते.