आमची वाटचाल: पाटीच्या दगडावरची रिस्लिंग

मी निफाडची, सासर जर्मनीत मोझेल नदीकाठी, पीसपोर्टला. सासऱ्यांची रिस्लिंगची, म्हणजे पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची, बाग आता मी बघते. आपल्याकडे वेलींना मांडव नाहीतर इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा आधार. इथल्या उभ्या उतारावर ट्रॅक्टरच चढत नाही, म्हणून जुन्या बागेत प्रत्येक वेलीला स्वतंत्र खुंट. छाटणीत राखलेल्या दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधायच्या, त्याही दमट दिवशीच, कोरड्या हवेत काडी कडकन मोडते. सासरे अजून वाळुंजाच्या भिजवलेल्या फोकांनीच बांधतात. त्यांची गाठ मशीनच्या तारेपेक्षा सरस, हे मी कुणासमोरही सांगेन.

1787 साली ट्रियरच्या सत्ताधारी आर्चबिशपने हलक्या जाती काढून चांगल्या, म्हणजे मुख्यतः रिस्लिंग, लावायचा हुकूम काढला. ती पुण्याई 1971च्या कायद्याने मातीत घातली. ‘पीसपोर्टर मिखेल्सबेर्ग’ या नावाखाली आसपासच्या गावांची सपाटीवरची वाइनही विकायची मुभा मिळाली. एका मोठ्या बाटलीवाल्याने म्युलर-थुरगाऊ या दुसऱ्या द्राक्षजातीची गोडमिट्ट वाइन आमच्या गावाच्या नावावर मातीमोल भावात विकली. उतारावर घाम आम्ही गाळायचा आणि नाव त्याने खायचं! सासरे आजही त्याच्या गेटवरून जात नाहीत.

त्यात 1985. ऑस्ट्रियाच्या वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, ती वाइन आपल्या मालात चोरून मिसळणारे इकडचे काही बाटलीवालेही पकडले गेले. आमच्या ऑर्डरी पटापट रद्द झाल्या. त्याच साली गावात चौथ्या शतकातला रोमन द्राक्षघाणा सापडला. एवढी जुनी परंपरा, आणि गिऱ्हाईक विचारतंय, यात काय मिसळलंय? बँकेने बाग विकायला सुचवलं. तेव्हा बेल्जियममधल्या घेंटचा एक हॉटेलवाला गाडी घेऊन आला, तळघरात फुडरमधून, म्हणजे लाकडी पिंपातून, चव घेतली आणि पुढच्या हंगामाचे पैसे आगाऊ मोजून गेला. त्या पैशांवर घर तगलं.

फुडर साधारण 1000 लिटरचं, ओकचं असतं. रस त्यात जातो, विकतचं यीस्ट नाही. तळघरातल्या थंडीत सावकाश आंबतो, कधी वसंतापर्यंत. घाई करणाऱ्यांनी या धंद्यात पडू नये. आणि नाशिककडच्या मंडळींनो, माल सुट्टा देऊ नका. लेबलवर आपल्या शिवाराचं नाव घाला आणि ते दुसऱ्या कुणाला वापरू देऊ नका. आम्ही आता ‘गोल्डट्रॉप्फ्शन’ हे आमच्या उताराचं नाव ठळक छापतो. पहिला माल अजून घेंटलाच जातो, हॉटेल आता त्यांची मुलगी चालवते.