कुस्कोला गेल्यावर आधी खाली उतरा

व्हिसाचं काम सोपं निघालं. ताईकडे आणि माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता. त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक असेल, तर भारतीय पासपोर्टवर पेरू फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. धास्ती होती ती उंचीची. इंका साम्राज्याची राजधानी असलेलं कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. लिमा मात्र समुद्रकाठी. विमान सव्वा तासात तुम्हाला तिथून उचलून वर ठेवतं, आणि शरीराला पत्ताच नसतो.

ताईच्या डॉक्टरांनी डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, लिहून दिली होती, आदल्या दिवसापासून घ्यायला. सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि सारखं लघवीला जावं लागतं. आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस उगाच घाबरतो.

कुस्कोच्या विमानतळावर उतरलो आणि शहरात न शिरता टॅक्सीने थेट उरुबांबाच्या खोऱ्यात गेलो. हे खोरं कुस्कोपेक्षा पाचशे-सहाशे मीटर खाली आहे. झोपायचं खाली, शहर बघायचं नंतर, एवढंच ठरवलं होतं. ताई कुरकुरली, "अगं, आलोय कुस्कोला आणि कुस्को मागे टाकून कुठे चाललीस?" पण रात्री शांत झोपली.

खोऱ्यातल्याच ओयान्तायताम्बो गावात इंकांची ठिकाणं बघायचं एकत्र तिकीट काढलं. याला तिथे ‘बोलेतो तुरिस्तिको’ म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा ते १३० सोलला (सोल हे पेरूचं चलन) होतं, दहा दिवस चालणारं, सोळा ठिकाणांचं. एका ठिकाणी एकदाच प्रवेश. दारावरचा माणूस तुमच्या तिकिटावरच्या त्या ठिकाणाला भोक पाडतो. आमच्याकडून पैसे रोखच घेतले, म्हणून सोल जवळ ठेवा. कुस्कोतलं कोरिकांचा मंदिर आणि कॅथेड्रल या तिकिटात नाहीत, त्यांचं वेगळं काढावं लागतं. गावातल्या गल्ल्यांच्या कडेने इंकांनी काढलेले दगडी पाट आजही खळाळत वाहतात. मला तर गावावरच्या डोंगरातल्या इंका मंदिराइतकेच ते आवडले.

जेवणाचं थोडं सांगते. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको म्हणालात, तर ताटात कोंबडी येऊ शकते. ‘सिन पोयो’ हेही सांगायचं. बाकी किनोआचं सूप, मका आणि बटाटे यांवर मजेत निभतं. बटाटा मूळचा इथल्याच डोंगरांतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, राजगिऱ्याचा भाऊबंद किविचा इथे आजही पिकतो. आपल्या एकादशीचं अर्धं ताट इथलंच आहे म्हणायचं, आणि वर आपणच त्याला सात्त्विक ठरवलंय.

मग कुस्को. पहिल्या रात्री झोपेत मध्येच श्वास अडल्यासारखा होऊन दचकून जाग यायची. उंचीवर असं होतं. पण डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा तोल जायला लागला, तर वाट न बघता खाली उतरायचं. आमच्यावर ती वेळ आली नाही. सकाळी कोकाच्या पानांचा चहा, दुपारी मुन्याचा. मुन्या म्हणजे तिथला डोंगरी पुदिना, आणि चवीला मला तोच बरा वाटला.

कोरिकांचा हे इंकांचं सूर्यमंदिर. स्पॅनिश लोकांनी त्यातलं सोनं नेलं आणि त्याच भिंतींवर सांतो दोमिंगोचा मठ उभारला. १६५०च्या भूकंपात वरचं बांधकाम कोसळलं. १९५०च्या भूकंपात पुन्हा पडझड झाली, तेव्हा आत दडलेल्या इंका भिंती आणखी उघड्या पडल्या. भिंतीला डोळा लावून बघितलं, तर ती वर जाताना किंचित आत कललेली दिसते. दारं आणि कोनाडेही खाली रुंद, वर अरुंद. चुना नाही, माती नाही. दगडावर दगड बसवलाय तो घासून, शेजाऱ्याच्या मापाने.

साक्सायवामान हा इंकांचा किल्ला शहराच्याही वर आहे. तिथे टॅक्सीने जा आणि पायी उतरा, उलटं करू नका. तीन टप्प्यांच्या नागमोडी तटातले काही दगड शंभर टनांहून जड आहेत. हलवता येण्याजोगे दगड स्पॅनिशांनी खाली घरं आणि चर्च बांधायला नेले. उरले ते न हललेले. तटाशी उभं राहून ताई म्हणाली, "म्हणजे आपण उरलंसुरलं बघतोय?" तेवढं बघायलाच आमची सकाळ गेली. कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाताने रंगवलेलं येशूचं शेवटचं भोजन आहे आणि मधल्या ताटात चक्क भाजलेला गिनीपिग, इथला ‘कुय’. ताईने तेवढ्यापुरती मान फिरवली.

कोकाच्या पानांची उरलेली पुडी हॉटेलातच ठेवली. ती पेरूत राजरोस विकतात, पण भारतात आणायला बंदी आहे. कोकाच्या चहाच्या पिशव्यांनाही तोच नियम, त्यामुळे भेट म्हणून काही घ्यायचं असेल तर किविचाचे लाडू घ्या.