तुम्ही विचारलंत म्हणून: फोन आपलं बोलणं ऐकतो का?

तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्याला लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न चुकत नाही. "आम्ही घरात नुसतं पैठणीबद्दल बोललो की हो, कुठं टाइपसुद्धा केलं नाही, आणि संध्याकाळी इन्स्टाग्रामवर पैठण्याच पैठण्या. मग फोन ऐकतोय की नाही?"

माझं उत्तर असं की, जाहिरातीसाठी ऐकत नाही, कारण त्याला ऐकायची गरजच पडत नाही. हे सांगितल्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

आधी साधा हिशेब करू. माणसाचं बोलणं नीट कळेल असं पाठवायचं तर सेकंदाला सुमारे २४ किलोबिट धरा. तासाचे झाले जवळपास ११ एमबी, बारा तासांचे १३० एमबी. रोज दीड जीबीवर भागवणाऱ्याच्या सेटिंगमध्ये, डेटा वापराच्या यादीत, ते ॲपच्या नावासमोर ठळक दिसेल. पाठवायचं नाही, फोनवरच सगळ्याचे शब्द करायचे म्हटलं, तर बॅटरी नेहमीपेक्षा लवकर बसेल. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच: काही ॲप स्क्रीनवर आपण काय करतो त्याचं रेकॉर्डिंग परस्पर दुसऱ्या कंपनीला देत होती. त्याची चर्चा मात्र पंगतीत कधी होत नाही.

संशय अगदीच हवेतला आहे असंही नाही. 'हे गूगल' किंवा 'हे सिरी' ऐकण्यासाठी फोन तेवढ्या शब्दापुरता कान उघडा ठेवतो आणि कधीकधी चुकून जागा होतो. सिरीच्या अशाच रेकॉर्डिंगच्या खटल्यात ॲपलनं ९.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली, आरोप मान्य न करता. नको असेल तर ती सोय बंद करा, फारसं काही अडत नाही.

बेळगावकरांना मात्र याहून जवळचा पुरावा रोज दिसतो. घरात दिवसभर मराठी चालते, आणि यूट्यूबवर जाहिरात येते कानडीत. फोन खरंच ऐकत असता तर आपण कोणत्या भाषेत भांडतो एवढं तरी त्याला कळलं असतं. जाहिरातदार यादीतून 'कर्नाटक' हे राज्य निवडतो, भाषेचा रकाना मोकळा सोडतो, आणि शहापूर, खानापूर, निपाणी सगळीकडे एकच जाहिरात जाते.

निपाणीची गंमत आणखी वेगळी. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या, जाहिरातीत शहराभोवती ८० किलोमीटरपर्यंतचं वर्तुळ काढता येतं. कोल्हापूरच्या सराफानं ५० किलोमीटरचं काढलं तरी निपाणी त्यात येते, कारण मधलं अंतर चाळीसेक किलोमीटरच आहे. जाहिरातीला राज्याची सीमा दिसत नाही. बेळगाव त्या वर्तुळाबाहेर राहतं, पण वर्तुळात राहणारे आणि तिथं नुकतेच येऊन गेलेले असे दोघेही मोजले जातात. रविवारी बस्ता बांधायला कोल्हापूरला जाऊन आलात, की सोमवारी बेळगावच्या टिळकवाडीत बसून तिथल्या दुकानांच्या जाहिराती बघायच्या.

आता त्या पैठणीकडे या. तुम्ही टाइप केलं नसेल, पण जाऊबाईंनी दुपारी त्यांच्या फोनवर शोधलेलं असतं. दोघींचे फोन एकाच वाय-फायवर, म्हणजे बाहेरून दिसणारा इंटरनेटवरचा पत्ता (आयपी) एकच. असे फोन एका घरातले धरून जाहिरात दाखवायची पद्धत या धंद्यात जुनीच आहे. त्यांनी ज्या दुकानाची वेबसाइट उघडली, तिच्यात मेटाचा पिक्सेल नावाचा बारीकसा कोड असतो. कोणती साडी पाहिली, कार्टमध्ये टाकून सोडून दिली का, हे तो कळवतो, आणि त्या भेटीवरून १८० दिवसांपर्यंत जाहिरात मागे लावता येते.

शिवाय दुकानातलं बिल. काउंटरवर 'नंबर सांगा, पॉइंट जमा होतील' म्हणतात. तो नंबर एका एक्सेल फाइलमध्ये जातो, ती फाइल मेटाच्या जाहिरात खात्यात चढते. चढताना प्रत्येक नंबराचं ६४ अक्षरांचं सांकेतिक रूप होतं. मेटाकडे आपल्या वापरकर्त्यांच्या नंबरांचं तसंच रूप असतं, दोन्ही जुळली की माणूस सापडला. मग 'या गिऱ्हाइकांसारखेच आणखी शोधा' असं एक बटण असतं. त्याला किमान १०० माणसांची यादी पुरते, आणि त्या यादीशी सर्वांत जास्त साम्य असलेले देशातले एक टक्का लोक निवडून मिळतात. त्यात तुम्ही असाल तर दुकानाची पायरी न चढताही जाहिरात येते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी मान्य करत नाही: पुष्कळदा जाहिरात आधी येते आणि बोलणं नंतर. रीलवर बोट जरा रेंगाळलं तरी त्याची नोंद होते. आपण ते विसरतो, विषय डोक्यात राहतो, जेवताना निघतो. मग पुढची जाहिरात दिसली की ती चोरून ऐकून आल्यासारखी वाटते.

शंका असेल तर त्या जाहिरातीवरच्या तीन ठिपक्यांवर दाबा आणि 'ही जाहिरात मला का दिसते' उघडा. दुकानानं यादी चढवली असेल तर बहुतेक तिथंच कळतं. माइकसाठी: अँड्रॉइड १२ पासून माइक चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते, आयफोनवर नारिंगी ठिपका. अँड्रॉइडच्या प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये गेल्या चोवीस तासांत कोणत्या ॲपनं माइक घेतला ते वेळेसकट दिसतं. टॉर्चच्या किंवा पंचांगाच्या ॲपला माइकची परवानगी असेल तर ती काढाच.

खरा फरक मात्र दुसरीकडे पडतो. इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमध्ये, तुमच्या माहितीच्या विभागात, मेटाबाहेरच्या हालचालींची यादी आहे. ती उघडून पाहा. कोणकोणत्या दुकानांनी आणि ॲपनी तुमची खबर पाठवली ते नावानिशी असतं. आधीचं पुसा आणि पुढचं तोडा, दोन्ही वेगवेगळं करावं लागतं. इथंच बहुतेक जण चुकतात: पुसतात, पण तोडायचं राहतं, आणि यादी पुन्हा भरते. तोडल्यावर फेसबुकनं लॉगिन केलेल्या काही साइट बाहेर काढतील, म्हणून तिथले पासवर्ड आधी करून ठेवा. अँड्रॉइडवर गूगलच्या सेटिंगमध्ये ॲड्स उघडून जाहिरातीचा आयडी, म्हणजे जाहिरातवाले फोन ओळखतात तो क्रमांक, डिलीट करा. जाहिराती कमी होणार नाहीत, फक्त कशाच्याही येतील.

एक भोक बुजत नाही. तुम्ही मेटाला कॉन्टॅक्ट दिले नाहीत तरी मामा, मेहुणा, शाळेतले मित्र यांनी दिलेल्या यादीत तुमचा नंबर असतोच.

आणि कानडी जाहिरातींचं म्हणाल, तर गूगल खात्याच्या भाषांमध्ये मराठी वर घ्या. भाषा पाहून दिलेल्या जाहिराती थोड्या बदलतील. राज्य पाहून दिलेल्या कानडीतच येतील, त्यावर फक्त 'स्किप' आहे, तेही पाच सेकंदांनी.