तुम्ही विचारलंत म्हणून: भारत आणि मादागास्कर जोडलेले होते, मग लेमूर आपल्याकडे का नाहीत?

लेमूर म्हणजे आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावर राहणारे, माकडांचे दूरचे नातेवाईक. त्यांच्याविषयी बोलणं निघालं की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्तही आहे. जोडणी खरीच होती. कर्नाटकात मालपेच्या समुद्रात सेंट मेरी बेटांवर खांबांसारखे उभे खडक आहेत. भारत आणि मादागास्कर वेगळे होत असताना जे ज्वालामुखी उसळले, त्यांच्याच लाव्हाचे ते. काळ सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचा.

अडचण याच आकड्यात आहे. माणूस, माकडं, लेमूर ज्या नरवानर गणात येतात, त्या गणाचे निःसंशय ओळखता येणारे सर्वांत जुने जीवाश्म साधारण ५.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. डीएनएवरून काढलेले अंदाज गणाचा उगम आणखी मागे नेतात. पण लेमूर आणि त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक यांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या बहुतेक अंदाजांनुसार ६ कोटी वर्षांच्या आगेमागे. म्हणजे भारत मादागास्करपासून सुटला तेव्हा लेमूर नावाचा प्राणीच अस्तित्वात नव्हता. मादागास्कर आणि आफ्रिका तर त्याच्याही कितीतरी आधी, १६ कोटी वर्षांपूर्वीपासून, एकमेकांपासून दूर व्हायला लागले होते. लेमूरांचे पूर्वज मादागास्करला पोचले तेव्हा त्या बेटाच्या चहूबाजूंना समुद्रच होता.

हे कोडं जुनं आहे. फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ साली ते सोडवायला हिंदी महासागरात बुडालेला एक अख्खा खंड कल्पिला आणि त्याला ‘लेमुरिया’ नाव दिलं. भूखंड सरकतात हे तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला हसण्याचं कारण नाही. त्याचं निरीक्षण अचूक होतं: मादागास्करच्या लेमूरांचे भाऊबंद आफ्रिकेत आहेत आणि भारतातही आहेत. चुकलं ते स्पष्टीकरण. त्यामुळे लेमूर आपल्याकडे नसले तरी त्यांची चुलत शाखा आपल्याकडे आहे. कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या जंगलांत आणि झुडपी रानांत सडपातळ लोरिस राहतो. वजन पाव किलोच्या आसपास, शेपूट दिसत नाही, डोळे मोठे आणि समोर बघणारे. ईशान्य भारतात त्याचाच जाडसर नातेवाईक, मंद लोरिस, आहे. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ साली लेमूर ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली तेव्हा लोरिसला त्याच प्रजातीत घातलं होतं. त्याच प्रजातीत त्याने कोलुगो हा झाडांवरून तरंगत जाणारा आग्नेय आशियाई प्राणीही घातला, आणि तो मात्र लेमूर तर नाहीच, नरवानर गणातलाही नाही.

मग लोरिस नात्यातला आणि कोलुगो नाही, हे ठरवायचं कसं? वर्गीकरणाचं सगळं मर्म इथे आहे. दोन प्राण्यांत साम्य किती, हा प्रश्न उपयोगाचा नाही. ते साम्य नव्याने आलेलं आहे की फार जुन्या पूर्वजाकडून तसंच राहिलेलं आहे, हे बघावं लागतं. लेमूर आणि लोरिस यांचं नाक कुत्र्यासारखं ओलसर असतं, आणि पुस्तकांत त्यांची ओळख म्हणून हीच खूण पहिल्यांदा दिली जाते. पुराव्याच्या दृष्टीने ती सर्वांत दुबळी आहे. ओलं नाक सस्तन प्राण्यांत सर्रास आढळतं. ते टिकवून ठेवलं म्हणून दोघे जवळचे ठरत नाहीत. डोळ्यांतल्या परावर्तक पडद्याचीही तीच गत: रात्री बॅटरीच्या उजेडात लोरिसचे डोळे चमकतात, तसे मांजराचेही चमकतात.

भरवशाची खूण दातांत आहे. खालच्या जबड्यातले पुढचे सहा दात, म्हणजे चार पटाशीचे आणि दोन सुळे, बारीक होऊन पुढे आडवे झालेले असतात आणि त्यांचा मिळून एक कंगवा बनतो. त्याने केस विंचरायचे, झाडाचा डिंक खरवडायचा. कंगव्यात अडकलेले केस काढायला जिभेखाली आणखी एक टोकदार पट्टी असते. इतकी गुंतागुंतीची जुळणी दोनदा स्वतंत्रपणे झाली असेल असं मानायला काही आधार नाही. लेमूर, लोरिस आणि लोरिसचे आफ्रिकेतले नातेवाईक गॅलॅगो हे एका पूर्वजाचे, हे सर्वांत ठामपणे सांगणारा अवयव हा कंगवा आहे, आणि डीएनएने त्याला दुजोरा दिला आहे.

कवटी हातात आली तर इथे एक चूक नेहमी होते. खालचा सुळा कंगव्यात गेल्यामुळे त्याच्या जागी पहिली उपदाढ सुळ्यासारखी उंच झालेली असते. तिलाच सुळा समजलं की पुढचे सगळे दात चुकीच्या नावाने मोजले जातात. तपासायची रीत सोपी आहे. जबडा मिटवून बघा: खरा खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या पुढे बसतो. वरच्या सुळ्याच्या मागे बसणारा उंच दात ही उपदाढ. बहुतेक लेमूरांत एकूण दात ३६ भरतात. इंद्री आणि सिफाका या लेमूरांच्या कुलात कंगव्यात सहाऐवजी चारच दात असतात, हे ध्यानात ठेवावं.

जुन्या साम्याला नातं समजण्याची चूक या गणाच्या इतिहासात दीर्घकाळ झाली. आग्नेय आशियातला टार्सियर छोटा, निशाचर, बटबटीत डोळ्यांचा. म्हणून त्याला लेमूर-लोरिसांबरोबर ‘खालच्या पायरीच्या’ गटात टाकलं जाई आणि माकडं, वानरं, माणूस यांचा वरचा गट वेगळा. रेजिनाल्ड पोकॉक यांनी १९१८ साली वेगळी विभागणी मांडली: ओल्या नाकाचे एका उपगणात, कोरड्या नाकाचे दुसऱ्या, आणि टार्सियर दुसऱ्यात, म्हणजे आपल्या बाजूला. (ब्रिटिश काळातल्या भारतीय सस्तन प्राण्यांवरच्या प्रमाण ग्रंथाचा १९३९चा खंड याच पोकॉक यांचा.) ती विभागणी टिकली. टार्सियरच्या डोळ्यात परावर्तक पडदा नाही, उलट आपल्यासारखा तीक्ष्ण दृष्टीचा बिंदू आहे. आपल्याप्रमाणेच त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. लेमूर ते तयार करतात. टार्सियरचे डोळे इतके अवाढव्य का, याचाही उलगडा इथेच होतो. त्याचे पूर्वज दिवसा वावरताना पडदा गमावून बसले असावेत. पुन्हा रात्रीच्या जीवनाकडे वळल्यावर उजेड गोळा करायला डोळाच वाढवावा लागला, इतका की एकेक डोळा मेंदूएवढा झाला.

हीच चूक २००९ साली पुन्हा झाली, आणि जगभर गाजली. जर्मनीतल्या मेसेल इथला ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा एक जवळजवळ अखंड सांगाडा ‘इडा’ या नावाने मांडला गेला आणि तो माणसाच्या बाजूच्या वंशाचा असल्याचा दावा झाला. कारण काय, तर त्याला दातांचा कंगवा नव्हता. पण कंगवा नसणं ही जुनी स्थिती आहे. ज्या शाखेत तो अजून आलाच नव्हता तिच्यातही तो नसणारच. त्याच वर्षी इजिप्तमधल्या दुसऱ्या एका जीवाश्माबरोबर तपशिलात तुलना झाली तेव्हा इडाचा गट लेमूर-लोरिसांच्या बाजूला, त्यांच्या मुख्य वाटेबाहेरची एक शाखा म्हणून बसला. या गटाला अ‍ॅडापिड म्हणतात, आणि भारतीय वाचकांनी त्याची दखल घ्यायला हवी, कारण सुरत जिल्ह्यातल्या वस्तान इथल्या लिग्नाइट खाणीत त्यांचे सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे जबडे आणि हाडं मिळाली आहेत. मार्कगोडिनोशिया आणि एशियाडॅपिस ही त्यांतली दोन नावं. जगातल्या सर्वांत जुन्या नरवानर जीवाश्मांत त्यांची गणना होते. आपल्याकडे लेमूर नव्हते, पण लेमूरांच्या दूरच्या काकांचं एक मोठं घराणं होतं. त्याचे वंशज शिवालिक टेकड्यांत कोट्यवधी वर्षं टिकून राहिले आणि मग नामशेष झाले.

उलट प्रकारची फसगतही होते. कंगव्यासारखी खूण ठीक, पण सवयी सारख्या झाल्या की हाडंही सारखी होतात. मादागास्करमधला मेगालाडॅपिस हा नामशेष झालेला भला मोठा लेमूर. त्याचे दात आजच्या लहानशा लेपिलेमूरसारखे, म्हणून दोघे एका कुलात धरले जात. २०२१ साली त्याच्या हाडांतून काढलेल्या जनुकसंचाने दाखवलं की तो तपकिरी लेमूर, वलयांकित शेपटीचा लेमूर यांच्या कुलाला जवळचा आहे. दोघांचं खाणं पाल्याचं, एवढंच ते साम्य.

आता मूळ प्रश्नाचा उरलेला भाग: समुद्र होता, तर ते आले कसे? आफ्रिका आणि मादागास्कर यांच्यामधली मोझांबिकची सामुद्रधुनी अरुंदातल्या अरुंद जागी सुमारे ४०० किलोमीटर आहे. पुरात उखडून समुद्रात गेलेल्या झाडोऱ्याच्या तराफ्यावरून, हे आज बहुमान्य उत्तर. आजचे प्रवाह त्याला प्रतिकूल आहेत आणि हा आक्षेप पूर्वी फार जोरात घेतला जाई. जेसन अली आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी २०१० साली प्राचीन प्रवाहांचं गणित मांडलं. मादागास्कर तेव्हा आजच्यापेक्षा दक्षिणेला होतं आणि काही वेळा प्रवाह आफ्रिकेकडून बेटाकडे इतक्या वेगाने वाहत की तीन-चार आठवड्यांत तराफा पोचावा. बेट उत्तरेला सरकलं तशी ती वाट बंद झाली. काही अभ्यासक अधूनमधून वर आलेल्या जमिनीच्या पुलाची बाजू घेतात. मला ती पटत नाही. पूल असता तर हत्ती, हरणं, मोठ्या मांजरी आल्या असत्या. मादागास्करला जमिनीवरचे सस्तन आहेत ते मोजके: लेमूर, टेनरेक हे छोटे कीटकभक्षी, तिथले खास मांसभक्षक आणि उंदीर. पाणघोडे होते, पण ते पाण्यातलेच. लेमूरांत काही जाती शरीराचं तापमान उतरवून पडून राहू शकतात. जाड शेपटीचा बुटका लेमूर शेपटीतल्या चरबीवर वर्षातले सात महिनेही झोपेत काढतो. तसा एखादा पूर्वज उपाशीपोटी समुद्र ओलांडून जगला असणं शक्य कोटीतलं आहे.

पोचल्यावर त्यांचा वंश किती फाकला याचा अंदाज वजनांवरून येतो. मादाम बर्थचा उंदीर-लेमूर ३० ग्रॅमचा. नामशेष झालेला आर्किओइंद्रिस गोरिलाएवढा. आज जिवंत पाच कुलं आणि शंभरावर जाती मानल्या जातात, पण जातींच्या या आकड्याकडे सावधपणे बघावं. १९९०च्या सुरुवातीपर्यंत उंदीर-लेमूरच्या दोनच जाती होत्या, पुढे वीसच्या वर गेल्या. त्यातल्या बऱ्याचशा मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या, डीएनएवर आधारलेल्या. हा डीएनए फक्त आईकडून येतो आणि उंदीर-लेमूरच्या माद्या जन्मल्या जागेजवळच राहतात, नर लांब जातात. त्यामुळे या डीएनएत दोन रानांतला फरक ठळक दिसतो आणि नरांमार्फत होणारी सरमिसळ दिसतच नाही. पेशीकेंद्रातला डीएनए, शरीराची मापं आणि आवाज हे तिन्ही तपासल्याशिवाय नवी जात मान्य करू नये.

राहता राहिला मादागास्करचाच आय-आय हा विचित्र प्राणी. सतत वाढणारे पटाशीचे दात, एकूण दात १८, तारेसारखं बारीक मधलं बोट, ज्याने तो लाकूड ठोकून आतल्या अळ्या शोधतो. १७८८ साली त्याची नोंद खार म्हणून झाली होती. कंगवा त्याला नाही. तो हरवला असणार, कारण डीएनएनुसार हा लेमूरच आहे, बाकी सगळ्यांपासून सर्वांत आधी फुटलेला. पण केनियातला प्रोपोट्टो नावाचा सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचा जबडा बघा. १९६७ साली तो लोरिसचा नातेवाईक ठरला, दोन वर्षांनी वटवाघूळ ठरला, आणि २०१८ साली आय-आयच्या शाखेतला ठरवला गेला. इजिप्तमधला प्लेसिओपिथेकसही त्याच शाखेत ठेवला गेला. हे बरोबर असेल तर आय-आयची शाखा आफ्रिकेतच वेगळी झाली होती, आणि मादागास्करला पूर्वज एकदा नव्हे, दोनदा पोचले.

याचा निकाल लावणारा पुरावा मादागास्करमध्येच मिळायला हवा, आणि तिथे मोठं खिंडार आहे: डायनासोर संपल्यापासून अलीकडच्या काही दहा हजार वर्षांपर्यंतच्या काळातले लेमूरांचे जीवाश्म तिथे सापडलेलेच नाहीत. तीन-चार कोटी वर्षांपूर्वीच्या थरात खालच्या जबड्याचा पुढचा तुकडा मिळाला आणि त्यात आडव्या, बारीक दातांची खोबणी असली, तर कंगवावाले लेमूर तेव्हा बेटावर होते हे सिद्ध होईल. त्याच काळात आय-आयचे पूर्वज तिथे होते की अजून आफ्रिकेत, हे त्याच थरातला दुसरा एखादा जबडा सांगेल.