मोडीतल्या सामानातून एलईडी प्रोजेक्टर : प्रकाशाची वाट जुळवल्यानंतरची नोंद

बेळगावातील आमच्या घराच्या माडीवर बांधत असलेला एलईडी प्रोजेक्टर आता भिंतीवर दीड मीटरहून थोडे अधिक रुंद चित्र टाकतो आणि त्या चित्राच्या चारही कोपऱ्यांतील अक्षरे खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसूनही वाचता येतात. मागील टप्प्यात मधला भाग उजळ आणि कडा अंधाऱ्या अशी स्थिती होती. दरम्यान दिवा बदललेला नाही, त्याला जास्त वीजही दिलेली नाही. बदलली आहे ती दिव्यापासून भिंगापर्यंत प्रकाश ज्या वाटेने जातो ती वाट. असे प्रोजेक्टर करणारे बहुतेक जण प्रथम अधिक वॉटचा एलईडी शोधू लागतात, म्हणून ही नोंद मुख्यतः त्या वाटेविषयी आहे.

सामान जवळजवळ सगळे मोडीतले आहे. एका महाविद्यालयाने मोडीत काढलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर हा या यंत्राचा पाया. पारदर्शिका दाखवण्यासाठी एके काळी वर्गावर्गांतून वापरली जाणारी ही यंत्रे आज भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने मिळतात आणि आपल्याला हव्या असलेल्या दोन महागड्या वस्तू त्यांत आयत्याच असतात : वरच्या काचेखालचे फ्रेनेल भिंग (वर्तुळाकार बारीक खाचांचे सपाट, पातळ भिंग) आणि दांड्यावरचे, चित्र भिंतीवर टाकणारे प्रक्षेपण भिंग, ज्याचे नाभीय अंतर माझ्याकडील यंत्रात ३१५ मिलिमीटर आहे. मदरबोर्ड निकामी झालेल्या नेटबुकमधून (छोट्या लॅपटॉपमधून) पडद्याचे १०.१ इंची एलसीडी पॅनेल मिळाले. चित्र यावर घडते आणि दिव्याचा प्रकाश त्यातून आरपार जातो. एलईडी एका दुकानाच्या फलकावरील १०० वॉटच्या फ्लडलाइटमधून काढला. पावसाचे पाणी शिरून त्याचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) गेला होता, एलईडी मात्र शाबूत होता. भंगारात फ्लडलाइट निवडताना जुन्या पद्धतीचा, मध्ये एकच पिवळा चौकोन असलेला घ्यावा. अलीकडच्या फ्लडलाइटमध्ये पाटभर विखुरलेले बारीक एलईडी असतात आणि ते या कामाला चालत नाहीत, कारण प्रकाशाचा उगम जितका लहान तितका तो भिंगाला आवरता येतो.

उष्णता वाहून नेण्यासाठी डेस्कटॉप संगणकाचा तांब्याच्या नळ्यांचा कूलर वापरला आहे. एलईडी आणि कूलर यांच्यामधली सहा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी उद्यमबागेतील एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मिलिंगवर सपाट करून, तिला टॅप मारून (स्क्रूसाठी आटे पाडून) घेतली. फाउंड्री आणि मशीनशॉपच्या या गावात राहण्याचा हा मोठा लाभ आहे. इतके छोटे काम घेऊन गेलेल्या माणसालाही कोणी परत पाठवत नाही. नवे विकत घेतले ते एवढेच : पॅनेलच्या पाठीवरील क्रमांक सांगून मागवलेले, बाहेरचे चित्र पॅनेलला पोहोचवणारे एचडीएमआय कंट्रोलर कार्ड, व्होल्टेज वाढवून एलईडीला स्थिर प्रवाह देणारे बूस्ट मॉड्यूल आणि एलईडीसमोर बसणारे ४४ मिलिमीटर व्यासाचे काचेचे घुमटाकार भिंग.

पॅनेल उघडण्याचे काम सावकाश करावे लागते. धातूची चौकट सोडवल्यावर मागून क्रमाने पांढरा परावर्तक कागद, ॲक्रिलिकची जाड पाटी, प्रकाश पसरवणारे पडदे आणि बारीक खाचांचे पडदे निघतात. उरते ती दोन्ही बाजूंना पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश जाऊ देणारा पडदा) चिकटवलेली काच. काचेच्या कडेला पिवळसर, केसाइतक्या बारीक तारांच्या रिबनी असतात आणि त्यांना जोडलेली लांबट पट्टी काचेच्या मागे दुमडून बसवलेली असते. ही पट्टी मागेच राहिली तर तिची सावली चित्रावर पडते, म्हणून ती उलगडून काचेच्या प्रतलात आणावी लागते. एक रिबन जरी मूळापाशी चिरली, तरी चित्रात कायमच्या उभ्या रेघा येतात. मी पट्टीला आधी पुठ्ठ्याचा आधार चिकटवला आणि मगच तिला हळूहळू वळवले, त्यामुळे रिबनींवर कोठेच ताण आला नाही.

येथे दिशेचा प्रश्न येतो. भिंगातून चित्र १८० अंशांत फिरते, म्हणून पॅनेल उलटे, म्हणजे डोके खाली करून बसवावे लागते. शिवाय मध्ये आरसा नसेल, तर पॅनेलचा दर्शनी भाग दिव्याकडे असावा लागतो, अन्यथा अक्षरे आरशातल्यासारखी दिसतात. माझ्या पॅनेलचा दर्शनी पृष्ठभाग खरखरीत, चकाकी कमी करणारा आहे. तो दिव्याच्या बाजूला गेल्याने थोडा प्रकाश विखुरतो खरा, पण चित्र त्यानंतर घडत असल्याने त्याची रेखीवता बिघडत नाही. खरखरीत पॅनेल टाकून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आता मुख्य काम. ओव्हरहेड प्रोजेक्टरमधील फ्रेनेल भिंग ही बहुधा कडेने चिकटवलेली दोन पातळ भिंगे असतात. कडेची टेप पातळ पात्याने कापून ती वेगळी केली आणि उन्हात धरून त्यांची नाभीय अंतरे मोजली : एकाचे सुमारे २२० मिलिमीटर, दुसऱ्याचे ३३०. (हे करताना डोळ्यांवर झोत येऊ देऊ नये आणि केंद्रबिंदूपाशी कागद फार वेळ धरू नये, तो पेट घेतो.) कमी अंतराचे भिंग दिव्याकडे ठेवले की ते पसरणारा प्रकाश समांतर करते, मग पॅनेल, त्यानंतर दुसरे भिंग तो समांतर प्रकाश गोळा करून प्रक्षेपण भिंगाच्या तोंडाशी आणते. दोन्ही भिंगांच्या खाचा पॅनेलकडे, म्हणजे समांतर प्रकाशाच्या बाजूला असाव्यात. पॅनेलपासून दोन्ही भिंगे दोनेक सेंटिमीटर दूर ठेवली आहेत, कारण अगदी चिकटवल्यास खाचांची वर्तुळे चित्रावर उमटतात.

जुळवणीची कसोटी अशी. पॅनेल काढून ठेवावे, एलईडी अगदी कमी प्रवाहावर लावावा आणि प्रक्षेपण भिंगाच्या तोंडाशी पांढरा कागद धरावा. कागदावर एलईडीच्या पिवळ्या चौकोनाची प्रतिमा दिसली पाहिजे. ती भिंगाच्या वर्तुळाबाहेर सांडत असेल, तर सांडलेला तेवढा प्रकाश वाया जातो आणि त्याची झळ प्रथम कोपऱ्यांना बसते. एलईडी दोन पट्ट्यांवर मागे-पुढे सरकेल अशी व्यवस्था केली आणि तो चौकोन वर्तुळाच्या मध्यात पूर्ण मावेपर्यंत सरकवत गेलो. त्याआधी घुमटाकार भिंग बसवले होतेच. ते नसताना एलईडीच्या एकूण प्रकाशापैकी हिशेबाने जेमतेम एक सप्तमांश पॅनेलवर पडतो, बाकीचा पेटीच्या भिंती तापवतो. या जुळवणीआधी भिंतीवर मध्यभागी ४० लक्स (पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो ते सांगणारे एकक) आणि कोपऱ्यांत १० लक्स मिळत होते. आता त्याच प्रवाहावर मध्यभागी ९० आणि कोपऱ्यांत ५५ मिळतात. पडदा डोळ्याला किती उजळ दिसतो ते कॅन्डेलात मोजतात, आणि चित्रपटगृहाच्या पडद्यासाठी ठरलेले मानक ४८ कॅन्डेला प्रति चौरस मीटर आहे. पांढऱ्या भिंतीवरचे ९० लक्स म्हणजे सुमारे २९ कॅन्डेला, आणि अंधाऱ्या खोलीत तेवढे मला पुरेसे वाटतात.

अंतरांचा हिशेब सोपा आहे. सातपट चित्र हवे असल्यास पॅनेल ते भिंग ३६० मिलिमीटर आणि भिंग ते भिंत २५२० मिलिमीटर अंतर लागते. २२२ मिलिमीटर रुंदीचे पॅनेल भिंतीवर १५५४ मिलिमीटर होते, म्हणजे कर्णात ७० इंच. १०२४ बाय ६०० च्या पॅनेलमुळे प्रत्येक ठिपका दीड मिलिमीटरचा होतो. चित्रपटाला ते चालते, बारीक मजकुराला नाही.

उष्णतेबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. एलईडीच्या झोतात हॅलोजनच्या तुलनेत अवरक्त किरण फार कमी असतात, म्हणून उष्णतारोधक काचेची गरज भासत नाही; परंतु पॅनेलवर पडणाऱ्या प्रकाशापैकी जवळजवळ ९५ टक्के प्रकाश पॅनेलमध्येच जिरतो आणि त्याचे रूपांतर उष्णतेत होते. पॅनेल फार तापले की त्यातील, चित्र घडवणाऱ्या द्रवस्फटिकांची रचना मोडते आणि चित्रावर काळा डाग पसरू लागतो. यावर उपाय म्हणून मोडीतल्या एका टीव्हीच्या बॅकलाइटमधील परावर्तक पोलरायझर पडदा पॅनेलच्या आधी लावला. नको असलेला ध्रुवित प्रकाश तो शोषण्याऐवजी परत पाठवतो, त्यामुळे पॅनेलच्या स्वतःच्या पोलरायझरवरचा भार हलका होतो. हा पडदा फिरवत न्यावा आणि भिंतीवरचे चित्र सर्वांत उजळ दिसेल त्या कोनात पक्का करावा. खोलीत २९ अंश असताना, पंखा चालू ठेवून दोन तासांच्या चित्रपटाअखेर पॅनेल ४७ अंशांवर स्थिर राहिले. शिवाय कूलरवर ६० अंशांना उघडणारा, म्हणजे वीज तोडणारा थर्मल स्विच एलईडीच्या पुरवठ्यात जोडला आहे. तो वगळून असे यंत्र कोणीही चालवू नये.

वीज लॅपटॉपच्या १९.५ व्होल्ट, ९० वॉटच्या अडॅप्टरवरून घेतली आहे. बूस्ट मॉड्यूलचा प्रवाह २.४ अँपिअरवर बांधला आहे. एलईडीवर त्या वेळी ३१ व्होल्ट, म्हणजे साधारण ७५ वॉट पडतात.

आपल्याकडच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. पॅनेलवर बसलेला धुळीचा कण चित्राइतकाच स्पष्ट आणि सातपट मोठा दिसतो, आणि खानापूरच्या बाजूची तांबडी धूळ उन्हाळ्यात कोठेही शिरते. म्हणून पंखा हवा बाहेर ओढत नाही, तर स्पंजाच्या गाळणीतून आत ढकलतो. पेटीत दाब किंचित जास्त राहिल्याने फटींतून धूळ आत येत नाही. पावसाळ्यात याच्या उलट अडचण असते. जूनपासून चार महिने भिंगांवर बुरशी धरण्याचा धोका असल्याने प्रक्षेपण भिंग सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात राहते आणि पेटीसाठी पाण्याला टिकणारे मरीन प्लाय वापरले आहे, कारण साध्या प्लायची पेटी फुगली की महत्प्रयासाने जुळवलेली सगळी अंतरे हलतात.

उरलेल्या कामांत पंख्याचा आवाज कमी करणे आणि प्रक्षेपण भिंग वर-खाली सरकवण्याची सोय करणे ही दोन महत्त्वाची आहेत. यंत्र टेबलावर ठेवून चित्र उंचावर टाकायचे तर पेटी तिरकी न करता भिंगच वर सरकवावे लागेल, आणि भिंग सरकले की एलईडीचा तो पिवळा चौकोनही त्याच्या मागोमाग न्यावा लागेल. त्यासाठी दुसरे फ्रेनेल भिंग प्रक्षेपण भिंगाच्याच सरकत्या चौकटीवर बसवून दोन्ही एकत्र हलवण्याचा विचार आहे. चौकटीचे रेखाचित्र तयार आहे, दिवाळीनंतर ती करायला टाकीन.